नोरामावशीचा मतदारसंघ

घर तेच, पण त्याला आता राखाडी रंग दिलाय. आमच्या वेळी ते पिवळं होतं, पातळ पिठल्याच्या रंगाचं, आणि त्या रंगावरून आम्ही तिघींनी मालकिणीला जेवढं छळलं तेवढं तिच्या सख्ख्या भाचरांनीही छळलं नसतं. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. शेजारी माझी धाकटी लेक इरा. तिला इथल्या युनिव्हर्सिटीत सोडायला आले होते आणि मागच्या सीटवर तिची गादी, उशा, राइस कुकर असं सगळं कोंबलेलं होतं.

"आई, इट्स जस्ट अ हाउस," ती म्हणाली.

"गप्प बस जरा."

मी काच खाली केली. उन्हाळ्याची अखेर, कापलेल्या गवताचा वास. पण मला तो वास नको होता. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलं की जो यायचा तो हवा होता. कडक चहा, रेडिएटरवर वाळत टाकलेली ओली लोकर, ओव्हनमधला ताकात मळलेला पाव, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली आमची हिंगाची फोडणी. माणसं जातात हे वयापरत्वे पचनी पडतं. वास जातात ते मात्र मला अजून पचलेलं नाही.

अमेरिकेत, ॲन आर्बरला मी आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली, कोल्हापूर, पुणे अशा पायऱ्या चढत स्टॅटिस्टिक्स शिकायला इथे पोचलेली. सुमेधा पुण्याची, वैशाली नागपूरची. एकीच्या आमटीला दुसरीनं नाव ठेवायचं, दुसरीच्या आमटीला तिसरीनं, एवढाच आमचा एकोपा. घर नोरा नावाच्या आयरिश बाईंचं. नवरा जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, साठी उलटलेली. वरच्या खोल्या ती फक्त मुलींना भाड्यानं द्यायची. पहिला आठवडा आम्ही तिला 'मिसेस' लावून मोठ्या अदबीनं हाक मारली. मग वैशाली तापानं फणफणली आणि ही बाई दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिली, तेव्हापासून ती आमची नोरामावशी झाली.

मावशी म्हणजे काय हे आम्ही तिला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "आणि वडलांची बहीण?"

"आत्या."

"ते नको. आत्या व्हायला भाऊ लागतो. माझं भावाशी बोलणं नाही."

आणि तिनं चहा ओतला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, पण पहिल्याच महिन्यात कोण विचारणार?

चहाच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. त्यावर टाचण्या टोचलेल्या आणि टाचण्यांभोवती रंगीत लोकर ताणलेली. हिरवी, तांबडी, निळी, कुठे कुठे एकीवर एक चढलेली. मला आधी वाटलं विणकामाचा नमुना असेल. "हा माझा मतदारसंघ," नोरामावशी म्हणाली. थोरल्या मुलाची ओळख करून द्यावी तशी तिनं ती ओळख करून दिली.

लीट्रिम नावाची आयर्लंडमधली एक कौंटी, म्हणजे जिल्हाच, तिच्या माहेरची. अरुंद, ओली, गरीब. मध्ये एक लांबलचक तळं, त्यानं ती जवळजवळ दोन भागांत तोडलेली. समुद्रकिनारा म्हणाल तर चिमटीत मावेल इतकाच. जमीन अशी की पाणी पोटात घ्यायला तयार नाही, म्हणून पोरंबाळं मोठी झाली की जहाजात बसायची. आणि माणसं गेली की मतं जायची. मतं कमी पडली की सरकार म्हणायचं, एवढ्याशा लोकांना स्वतंत्र मतदारसंघ कशाला? मग लीट्रिमला शेजाऱ्यांच्या पदराला बांधायचं, नाहीतर तिचे तुकडे वाटून टाकायचे. इंग्रजांच्या राज्यात तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. मग एक झाला. मग थोडं रोसकॉमन जोडलं, मग स्लायगो. मग काही वर्षं ती एकटी, स्वतःच्या नावानं नांदली. नोरा घर सोडून निघाली ती त्याच वर्षांत. ती अमेरिकेत आल्यावर पुन्हा स्लायगोशी गाठ मारली, आणि पुढे एकदा तर तीन तुकडे झाले. एक स्लायगोकडे, एक रोसकॉमनकडे, एक डोनेगॉलकडे.

दर वेळी नवी लोकर यायची. जुनी मात्र काढायची नाही. "काढली तर मला कसं कळेल की मी कुठून आले?" असं तिचं म्हणणं. तिचं माहेरचं घर म्हणजे एक काळी टाचणी होती. ती काही हलत नसे, पण तिच्या या बाजूनं नाहीतर त्या बाजूनं लोकर फिरत राहायची. एका वाटणीत घर एका मतदारसंघात गेलं आणि चर्च दुसऱ्यात. "म्हणजे आमचा देव वेगळ्या खासदाराचा," ती म्हणायची.

मी जन्मायच्या आधीच राज्यांच्या रेषा नव्यानं आखल्या गेल्या आणि आमचं गाव पलीकडे राहिलं. बसची पाटी कानडीत आणि बसमधलं भांडण मराठीत, अशात मी वाढले. मी तिला ते सांगितलं.

"मग तुझ्या वडलांनी काय केलं?"

"मोर्चात गेले. परत आले. दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेले."

"आणखी काय करणार माणूस," ती म्हणाली आणि माझ्या बशीत पावाचा दुसरा तुकडा ठेवला. त्या पावावर लोणी भरपूर असायचं. आमचं तिघींचं वजन तिच्या घरी वाढलं, ते तिनं मोठ्या अभिमानानं चर्चमधल्या बायकांना सांगितलं होतं.

भावाची गोष्ट हळूहळू कळली. भावाचं नाव टॉम. त्यांच्या देशात पूर्वी यादवी झाली होती, आणि लढाई संपली तरी घराघरांत दोन बाजू राहिल्या, दोन पक्ष होऊन. वडील एका बाजूचे. टॉम मोठा झाला आणि दुसऱ्या बाजूची पत्रकं वाटत हिंडू लागला. जेवणाच्या टेबलावर वडलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, नोरानं वडलांची बाजू घेतली. ती अमेरिकेला निघाली त्या दिवशी टॉमनं सामान स्टेशनवर आणून दिलं, हात पुढे केला, आणि तिनं तो घेतला नाही. नंतर वडील गेले, आई गेली, टॉम लग्न न करता त्याच घरात राहिला. ना पत्र, ना फोन.

फक्त पेपर. लीट्रिमचं साप्ताहिक तो घट्ट गुंडाळून, दोऱ्यानं बांधून समुद्रमार्गे पाठवायचा. वरचा पत्ता त्याच्या हातचा, आत चिठ्ठी म्हणून नाही. चाळीस वर्षं. पेपर आला की नोरामावशी तो उघडण्याआधी नाकाशी धरायची. तिथल्या दलदलीतून माती कापून, वाळवून चुलीत जाळतात, तिचा खमंग, जरा कडवट धूर त्या कागदात भरलेला असायचा. "चूल पेटतेय," ती म्हणायची. म्हणजे टॉम आहे.

मी पोचल्यावर थोड्याच दिवसांत अशाच एका पेपरात नवी आखणी छापून आली. लीट्रिमचे तुकडे पुन्हा एकत्र! स्लायगोच्या जोडीनं का होईना, पण सगळी कौंटी एका मतदारसंघात. त्या दुपारी समारंभच झाला. सुमेधानं लोकरीचा गुंडा धरला, वैशालीनं स्टूल, मी टाचण्यांची डबी, आणि नोरामावशी चष्मा नाकावर ओढून एकेक वळण घेत गेली. पिवळी लोकर होती, घराच्या रंगाची.

"आता तू जाणार ना?" सुमेधानं विचारलं. कारण मावशी नेहमी म्हणायची, लीट्रिम सांधलं की मी जाईन.

"स्लायगो आहे ना अजून गळ्यात," मावशी म्हणाली. "एकटी होऊ दे तिला."

आम्ही हसलो, पण मला ते चांगलंच कळलं. 'डिग्री झाली की परत जाणार' असं मीही घरी कळवलं होतंच की. नाचता येईना अंगण वाकडं, तसं जाता येईना सरहद्द वाकडी.

त्यांची मतमोजणी मात्र मला फार आवडली. तिथे नुसता शिक्का मारत नाहीत. उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतात. तुमचा पहिला पडला, तरी तुमचं मत वाया जात नाही, ते उचलून तुमच्या दुसऱ्या पसंतीला देतात. मी स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी असून ते मला पुस्तकावरून नीट उमगलं नव्हतं. नोरामावशीनं आमच्या डाळींचे डबे काढले, वाट्या मांडल्या, आणि मूग, मसूर, मटकी या वाटीतून त्या वाटीत ओतत मला अख्खी निवडणूक करून दाखवली. तेव्हापासून शनिवारी काय रांधायचं हे आम्ही तसंच ठरवू लागलो. सुमेधाला हवी असायची पुरणपोळी, वैशालीला सावजी रस्सा, मला पिठलं-भाकरी, मावशीला बटाटे. चारही पदार्थ एकेका मतावर अडायचे, मग घरच्या नियमानं ते चारही एकदम बाद, आणि दर शनिवारी निवडून यायची खिचडी. पहिली पसंती कुणाचीच नाही, दुसरी सगळ्यांची. वैशाली चिडायची, "काय यार, लोकशाहीत माणसानं खिचडीच खात राहायचं का?"

त्या काळात तिकडे दीड वर्षात तीनदा निवडणुका झाल्या, सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडत होती. पेपर यायला आठवडे लागत, त्यामुळे तिकडे सरकार पडलेलं असे आणि आमच्या टेबलावर ते अजून निवडून येत असे. मावशी त्या शिळ्या मोजणीतही तिच्या पक्षाच्या बाजूनं जीव टांगून बसायची.

आणि मग तिसऱ्या वर्षीच्या पानगळीत पेपर येईनासे झाले.

पहिले काही दिवस ती म्हणाली, टपाल तुंबलं असेल. मग तिनं पोस्टात चौकशी केली. पोस्टमनच्या पावलांचा आवाज आला की हातातलं विणकाम ठेवून उठायची, दारापाशी जायची, बिलं आणि जाहिराती घेऊन परत यायची. पाव करायचं बंद झालं. टॉमकडे फोन नव्हता. गावच्या चर्चमधल्या फादरना फोन करू म्हटलं, तर म्हणाली, "आणि ते म्हणाले की तो गेला, तर मी काय करू?"

वैशालीनं स्वयंपाकघरात आमच्यासमोर मराठीत तोफ डागली. "हे काय करून राहिली ही बाई? भाऊ आहे का नाही माहीत नाही, अन् ही इथं बसून स्वेटर विणून राहिली!"

"काय म्हणाली ती?" मावशीनं विचारलं.

"म्हणाली, तू जा," मी सांगितलं.

नोरामावशी उठून नकाशापाशी गेली. मग म्हणाली, "मत घेऊ या." तिनंच वाट्या मांडल्या. एक वाटी 'आत्ता जा', दुसरी 'उन्हाळ्यात जा', तिसरी 'आधी फादरना फोन'. शनिवारचा आमचा अनुभव सांगत होता की आता काय होणार. उन्हाळा म्हणजे खिचडी. कुणालाच नको आणि सगळ्यांना चालणारी. ती हाच कौल मागत होती, आणि तो मिळाला की तिला निवांतपणे काही न करता बसता येणार होतं.

आम्ही तिघींनी चिठ्ठ्या टाकल्या. तिनं आपली टाकली. मग चष्मा लावून ती मोजायला बसली. पहिली चिठ्ठी उघडून तिनं ती उलटून पाहिली. दुसरी उलटून पाहिली. तिघींनीही फक्त 'आत्ता जा'पुढे एक घातला होता आणि बाकी सगळं कोरं सोडलं होतं. दुसरी पसंतीच नाही. एकमेकींशी एक शब्द न बोलता आम्ही तिघींनी तेच केलं होतं. मुगाचे तीन दाणे एकाच वाटीत गेले, तिची स्वतःची चिठ्ठी उघडायची गरजच उरली नाही.

"हे संगनमत आहे," ती म्हणाली.

"नाही मावशी," सुमेधा म्हणाली. "लँडस्लाइड आहे."

नोरामावशी आधी हसली आणि मग पदर असता तर तोंडाला लावला असता अशी, ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं तिकीट काढलं.

ती नव्हती ते आठवडे घर फार मोठं वाटलं. आम्ही तिच्या झाडांना पाणी घातलं, हीटर बंद पडला तेव्हा चार-चार स्वेटर घालून अभ्यास केला, आणि शनिवारी मतदान न करता खिचडीच केली. नाताळच्या आधी, रस्त्यांवर बर्फ साचलेला असताना, ती परत आली. कोट न काढताच टेबलाशी बसली. तिच्या कोटाला तो धुराचा वास होता. मी तो ओळखला आणि मला इतकं बरं वाटलं की मी चहा ठेवायचं विसरले.

टॉम होता. गोठ्यात पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पोस्टापर्यंत चालायला पाय नाही आणि शेजाऱ्याला सांगावं तर बहिणीला पेपर पाठवतो हे गावाला कळणार, म्हणून तो सांगेना. मावशी दारात उभी राहिली तेव्हा त्यानं खाटेवरून मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "पेपर साठलेत. घेऊन जा." खाटेखाली सगळे गुंडाळून, दोरा बांधून, पत्ता घालून तयार होते.

"आणि मग?" वैशाली म्हणाली.

मग तिसरी निवडणूक आली. मावशी तिथेच होती. टॉमला कुबडीवर आधार देत तिनं गावच्या शाळेपर्यंत आणलं, मतदान तिथे होतं. फाटकापाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला आत काही काम नाही. एकोणिसाव्या वर्षी देश सोडला, आणि मताचं वय तेव्हा एकवीस होतं. नंतर ती तिथे राहिली नाही, म्हणून यादीत नाव नाही. त्या मतदारसंघाची एकेक वेस लोकरीनं शिवणाऱ्या बाईनं तिथे आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. ती भिंतीबाहेर पावसात उभी राहिली. दोन्ही पक्षांची पोरं पत्रकं घेऊन उभी होती, त्यांनी 'अमेरिकन बाई' म्हणून तिला खुर्ची दिली.

टॉम बऱ्याच वेळानं बाहेर आला. कुबडी टेकत चालू लागला. वळणावर थांबून म्हणाला, "तुझ्या माणसाला दिलं."

"का?"

"आणलंस तू मला. पाय तुझे, तर मतही तुझंच."

हे सांगताना नोरामावशीचा आवाज जराही हलला नाही. आमच्या तिघींच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती. वैशालीनं नाक पुसत विचारलं, "मग? निवडून आला का तो?"

"छे!" मावशी म्हणाली. "सपशेल आपटला." आणि ती इतकी हसली की कप कलंडला.

वसंतात तिनं घर विकायला काढलं. आम्हाला तिनं साधं सरळ सांगितलं. टॉमला माणूस हवं आहे, आणि तिथे राहिल्याशिवाय यादीत नाव लागत नाही. एकदा तरी तिला त्या शाळेच्या आत जायचं होतं. आम्ही तिला विमानतळावर सोडलं. सुमेधानं वाकून नमस्कार केला, मावशीला तो कळला नाही, तिला वाटलं हिचं काही पडलंय, म्हणून तीही वाकून शोधू लागली. मी खूप रडले. परदेशात आपलं म्हणावं असं एक माणूस मिळालं होतं आणि तेच आपल्या देशात परत निघालं होतं. मला तिचा आनंद झाला होता आणि हेवाही वाटला होता. अजूनही वाटतो.

इरा एवढा वेळ ऐकत होती. फोन तिनं मांडीवर पालथा घातला होता. "सो डिड शी एव्हर गेट टु व्होट?" तिनं विचारलं.

दिलं ना. काही वर्षांनी. तेव्हा मी लग्न होऊन, नवऱ्याच्या नोकरीपायी ओहायोतल्या डब्लिनला आले होते. तिकडे निवडणूक होऊन गेल्याचं रेडिओवर ऐकलं आणि रविवारी सकाळी तिला फोन लावला. तिच्याकडे आता फोन आला होता. "डब्लिनहून बोलतेय," म्हटल्यावर म्हणाली, "मग चहाला ये." ओहायोतलं म्हटल्यावर तिनं माझ्या नवऱ्याच्या कंपनीलाही दोन शब्द सुनावले. मग तिनं सांगितलं की टॉम आदल्या हिवाळ्यात गेला. झोपेत, काही त्रास न होता. तिच्या स्वरावरून मला कळलं की ते सांगून झालेलं आहे, पुन्हा पुन्हा, अनेकांना. मी विचारलं, "मत दिलंस?"

"दिलं. आत गेले, पडद्यामागे उभी राहिले. पेन्सिल दोऱ्याला बांधलेली असते, माहीत आहे का तुला?"

"कुणाला दिलंस?"

"टॉमच्या माणसाला. पहिली पसंती."

"आणि तुझ्या पक्षाला?"

"त्यांना पुष्कळ लोक आहेत. टॉमचं एक मत कमी झालं होतं ना," ती म्हणाली. "आणि पोरी, तो मेला निवडून आला. आता पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याचं थोबाड मला बघावं लागणार."

मला हसू फुटलं. ती मात्र हसली नाही.

"मोजणी संपली तशी मी कबरस्तानात गेले," ती म्हणाली. "त्याला सांगितलं. म्हटलं, झालं तुझ्या मनासारखं? आता तरी बोल माझ्याशी."